धूम्रपानमुक्त कंपनी: फलक लावण्याआधीची आणि नंतरची कामं

इंटरनेटवर शोधलं की कामाच्या जागी धूम्रपानबंदीचं धोरण दोन पानांत तयार मिळतं. कंपनीचं नाव बदलायचं, एमडींची सही घ्यायची, एक प्रत नोटीस बोर्डावर आणि एक ऑडिटच्या फाइलीत. बहुतेक ठिकाणी काम इथेच संपतं. त्या मसुद्यात सिगारेट असते, सिगार असतो, पाइपसुद्धा असतो. विडी नसते, चुन्याची डबी नसते, मावा नसतो, आणि हाउसकीपिंगच्या मावशींनी कमरेच्या पिशवीत जपलेली मिश्री तर नसतेच.

एमआयडीसीतल्या पन्नास-शंभर ते दोन-तीनशे माणसांच्या कारखान्यात हे काम पहिल्यांदाच ज्याच्या गळ्यात पडलंय, त्याच्यासाठी हे लिहितोय. तो एचआरमधला असेल, सेफ्टी ऑफिसर असेल, लहान युनिट असेल तर पगारापासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं बघणारा अ‍ॅडमिनवालाही असेल. निव्वळ ऑफिस असलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, फक्त शॉप फ्लोअरच्या जागी जिना आणि गच्ची वाचायची.

एक आकडा आधी लक्षात घ्या. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ होते ३.८ टक्के, आणि खाणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे फक्त धुरावर धोरण आणलं तर बहुतेक कामगारांना वाटणार, हे वरच्या साहेबांचं काहीतरी चाललंय. आणि सगळ्याच तंबाखूवर एका फटक्यात बंदी आणली तर पहिल्या आठवड्यात निम्मं खातं विरोधात. म्हणून माझं म्हणणं असं की धूर, थुंकी आणि सवय या तीन गोष्टी सुरुवातीपासून वेगळ्या ठेवा. धूर कायद्यानेच बंद आहे, तिथे घासाघीस नाही. थुंकणं हा स्वच्छतेचा नियम, तो सगळ्यांना सारखा. सवय मात्र बंदीने सुटत नाही, तिला मदत लागते. या तिन्हींची खिचडी केली की धोरण फसतं.

कायदा एका बैठकीपुरता

मुंबईचे खासदार राहिलेल्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालयं, शिक्षणसंस्था, न्यायालयं, सरकारी कार्यालयं, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये सिगारेट आणि इतर तंबाखूच्या मालाबद्दलचा केंद्राचा कायदा आला, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात. मग २ ऑक्टोबर २००८ पासून जे नियम लागू झाले, त्यांनी खासगी कामाच्या जागाही सार्वजनिक जागेत धरल्या. त्यामुळे मालकांसमोर जाताना ‘आपण बंदी आणू या’ असं म्हणूच नका. बंदी २००८ पासून आहे, आपण ती पाळत नाही आहोत, असं सांगा. बैठकीचा सूर तिथेच बदलतो.

नियम मालकाकडून काय मागतात? छताखाली कुणी ओढणार नाही, ही जबाबदारी मालकाची किंवा व्यवस्थापकाची. अ‍ॅश-ट्रे, काडेपेटी, लायटर असलं काही पुरवायचं नाही. प्रवेशद्वारापाशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या आणि लिफ्टच्या तोंडाशी फलक हवा. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लावायला हवं. ओढणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंत. तक्रार येऊनही कंपनीने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड व्यवस्थापनाला. रक्कम किरकोळ आहे हे मालकांच्या लगेच लक्षात येईल. तेव्हा विषय आगीकडे न्या, त्याबद्दल पुढे सांगतोच.

फलकाचं माप ठरलेलं आहे: किमान ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर उंच, पांढरी पार्श्वभूमी, निदान १५ सेंटिमीटर व्यासाचं लाल वर्तुळ, त्यात धूर निघणारी सिगारेट किंवा विडी आणि त्यावर आडवा लाल पट्टा. मजकूर इंग्रजीत किंवा एका भारतीय भाषेत चालतो. ‘धूम्रपानास मनाई क्षेत्र – येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे’ असं मराठीतच करून घ्या. बाहेरच्या राज्यांतले कामगार जास्त असतील तर शेजारी हिंदी. ए-फोर कागदावरचं लॅमिनेशन हा फलक नव्हे, तपासणीला तो धरत नाहीत.

आता एक गैरसमज. पुष्कळ ऑफिसांत एक्झॉस्ट लावलेली काचेची ‘स्मोकिंग रूम’ असते आणि ती कायदेशीर आहे असं सगळे धरून चालतात. बंदिस्त धूम्रपानकक्षाची मुभा नियमांत फक्त तीस किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला, तीस किंवा जास्त आसनांच्या उपाहारगृहाला आणि विमानतळाला आहे. तुमच्या ऑफिसला ती नाही. शिवाय पंखा लावून धूर जात नाही, तो एसीच्या डक्टमधून हिशेब विभागात पोचतो. ती खोली बंद करा आणि तिथे स्टेशनरी ठेवा.

उघडी जागा मात्र कायद्यातल्या सार्वजनिक जागेच्या व्याख्येत येत नाही. आवारातल्या मोकळ्या जागेचं काय करायचं हे तुमचं धोरण ठरवेल. आणि ई-सिगारेटची विक्री, साठवणूक, जाहिरात देशभर २०१९ पासून बंद आहे. ‘ही वाफ आहे, धूर नाही’ हा युक्तिवाद आयटीतली पोरं हमखास करतात, म्हणून धोरणात तिचं नाव स्पष्ट लिहा.

मसुदा नंतर, आधी फेरी

प्लांटच्या ले-आउटची एक प्रिंट काढा आणि तिन्ही पाळ्यांत एकेकदा सगळीकडे फिरा. थोटकं दिसली तिथे लाल खूण, पिचकारी दिसली तिथे तपकिरी. बरोबर सुपरवायझर नको, हाउसकीपिंगच्या मावशींना घ्या. ‘मावशी, सगळ्यात जास्त कुठं घासायला लागतं?’ एवढं विचारलं की पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलायची गरज पडत नाही. जिन्याच्या दुसऱ्या वळणाचा कोपरा, संडासातल्या फ्लशच्या टाकीचं झाकण, डीजी सेटच्या, म्हणजे जनरेटरच्या मागची गल्ली, पॅलेट रचून ठेवलेल्या भिंतीच्या पाठीमागची हातभर जागा, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत. बहुतेक वेळा साहेब लोकांच्या पार्किंगमध्येही, आणि ते सांगताना मावशी हळूच हसतात.

फायर पॉइंटवरच्या लाल बादल्या हाताने उकरून बघा, नुसत्या लांबून मोजू नका. वरची वाळू कोरडी, भुरभुरीत दिसते. बोट दोन पेरं आत घातलं की विडीची थोटकं, गुटख्याच्या पुड्या, चुन्याच्या ट्यूबचं टोपण, आणि खाली पिंकेने घट्ट झालेला गोळा. ही बादली उलटी केली तर वाळू पडत नाही. आग विझवायला ठेवलेली वस्तू अ‍ॅश-ट्रे झालेली असते, आणि पाच पावलांवर पेंट शॉप असतं, थिनरचे कॅन आणि तेलकट कॉटन वेस्टची पोती असतात. याचा फोटो काढा. मालकांना २०० रुपयांचा दंड हलवत नाही, हा एक फोटो हलवतो. कर्करोगाची भयानक चित्रं दाखवण्यापेक्षा कामगारांवरही याचाच परिणाम जास्त होतो, कारण पेंट शॉपमध्ये उभा राहणारा तो स्वतः असतो.

रात्रपाळीची फेरी चुकवू नका. पहाटे तीन-साडेतीनला तंबाखू मळली जाते ती चवीसाठी नव्हे, झोप उडवण्यासाठी. हे पाहिलेलं असलं की पुढे चहाच्या वेळा ठरवताना उपयोगी पडतं.

केबिनपासून

मालक किंवा एमडी केबिनमध्ये ओढत असतील तर तो प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा. तो सुटला नाही तर बाकी काहीच करू नका, धोरण पुढे ढकललेलं बरं. कारण पहिल्या नोटिशीनंतर शॉप फ्लोअरवरचा पहिला प्रश्न हाच असतो: ‘अन् साहेबांच्या केबिनचं काय?’

हे बोलणं बैठकीत नको, एकट्यात करा. ‘सर, केबिनमधला अ‍ॅश-ट्रे उचलायला लागेल. पाहुण्यांसाठीचासुद्धा.’ बहुतेक जण कुरकुरत का होईना, मान्य करतात. मोठा ग्राहक आला आणि त्याने खिशातून पाकीट काढलं, तर काय बोलायचं हेही त्याच वेळी ठरवून घ्या. ‘चला, बाहेर मोकळ्यात जाऊ’ एवढं पुरतं. ऑर्डर त्यामुळे जात नाही.

मग एक छोटी समिती: युनियन असेल तर तिचा प्रतिनिधी, एक सुपरवायझर, सिक्युरिटीचा हवालदार, कॅन्टीनवाला, एक महिला कामगार, आणि स्वतः विडी-तंबाखू घेणारा निदान एक जण. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याशिवाय ठरवलेलं सगळं कागदावर छान दिसतं. तो जेव्हा म्हणतो, ‘साहेब, गेटपर्यंत जायला-यायलाच सात मिनिटं लागतात, चहा कधी प्यायचा?’ तेव्हा कुठे खरी चर्चा सुरू होते.

सोबत छापील चिठ्ठीवर चार-पाच प्रश्न विचारा, नाव लिहायचं नाही. तुम्ही तंबाखू घेता का, कोणत्या प्रकारची, सोडावीशी वाटते का, दुसऱ्याच्या धुराचा त्रास होतो का, कुठे होतो. पेटी कॅन्टीनच्या दारात ठेवा, हजेरी लागते त्या टाइम ऑफिसमध्ये नको. टाइम ऑफिससमोर कुणी खरं लिहीत नाही.

खरा मुद्दा ब्रेकचा

टपरीवर जाणारी माणसं नुसत्या धुरासाठी जात नाहीत. मशीनच्या आवाजातून सुटका, उन्हात उभं राहणं, चार शब्द बोलणं, गावाकडचा फोन, हे सगळं त्या दहा मिनिटांत असतं. विडी हे उठायचं कारण. न ओढणारा माणूस मात्र त्या वेळात मशीनवरच असतो आणि मनात धुसफुसत असतो की यांना दर तासाला सुट्टी, आपल्याला नाही. सर्वेक्षणाच्या चिठ्ठ्यांत ही तक्रार धुराच्या तक्रारीपेक्षा जास्त सापडली तर नवल वाटू देऊ नका.

म्हणून धोरणासोबत ब्रेकची वेळ नव्याने ठरवा. सगळ्यांना सारखा, घड्याळाप्रमाणे, बसायला सावली आणि चहा. पाळीत दोन वेळा दहा-दहा मिनिटं देणारी कंपनी उत्पादनात काही गमावत नाही, कारण ती वेळ लोक आत्ताही घेतातच, फक्त लपूनछपून. रात्रपाळीला तीनच्या सुमारास कडक चहा आणि बिस्किट द्या. कॅन्टीन ठेकेदार कुरकुर करेल, थर्मास भरून ठेवायला सांगा.

मोकळ्या जागेत ओढायला ठिकाण द्यायचं की नाही, यावर तज्ज्ञांचं उत्तर ‘अजिबात नाही, पूर्ण आवार तंबाखूमुक्त’ असं असतं. शाळा-रुग्णालयांत तेच बरोबर. पण पाळी चालू असताना गेटबाहेर सोडत नाहीत अशा कारखान्यात पहिल्या दिवशी हे केलं तर लोक संडासात ओढतात, पेंट शॉपच्या मागे ओढतात, आणि धोका वाढतो. माझं मत: पहिले सहा महिने एक उघडी जागा ठेवा, छत नसलेली, दार-खिडक्या, एसीची बाहेरची युनिट, ज्वलनशील माल आणि सिलिंडर यांपासून चांगली दूर. बाकडं नको, शेड नको, चहा तर नकोच. चहा सावलीत, विडी उन्हात. आणि ती जागा बंद होण्याची तारीख पहिल्याच नोटिशीत छापा, नाहीतर तिचं कायमचं ‘स्मोकिंग झोन’ होतं.

बंदी आली की काही विडीवाले खाण्याकडे वळतात, कारण तंबाखू दाढेत ठेवली तर दिसत नाही. हे होणार हे धरूनच चाला. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे गेटवरच्या पोरालाही माहीत असतं. कॅन्टीन किंवा आवारातल्या दुकानात तंबाखू-सुपारी विकली जात असेल तर ती त्याच दिवसापासून थांबवा.

धोरणाचा मजकूर

एक पान पुरे. भाषा अशी की सुपरवायझर ती मोठ्याने वाचून दाखवू शकेल. नमुना देतो, आपापल्या जागेनुसार बदलून घ्या:

‘आपल्या कंपनीच्या कोणत्याही इमारतीत, शेडमध्ये, जिन्यात, संडासात, गच्चीवर, सिक्युरिटी केबिनमध्ये आणि कंपनीच्या कोणत्याही वाहनात विडी, सिगारेट, हुक्का किंवा ई-सिगारेट ओढायची नाही. हा नियम मालक, अधिकारी, कामगार, ठेक्यावरचे कामगार, माथाडी, ट्रकचे चालक-क्लीनर आणि पाहुणे या सर्वांना लागू आहे. आवारात पिकदाणीखेरीज कोठेही थुंकायचे नाही. मशीनवर, पेंट शॉपमध्ये, स्टोअरमध्ये आणि कॅन्टीनमध्ये तंबाखू, मावा, गुटखा खायचा नाही. तंबाखू सोडायची इच्छा असणाऱ्यास कंपनी मदत करील. त्यासाठी आणि तक्रारीसाठी संपर्क: (नाव, हुद्दा, मोबाइल). लागू दिनांक: …. मोकळ्या जागेतील ठिकाण …. या तारखेला बंद होईल.’

यात ‘खिशात बाळगायची नाही’ असं लिहिण्याचा मोह होईल. लिहू नका. ते लिहिलं की गेटवर झडती आली, झडतीत चंची निघाली की भांडण आलं, आणि बायकांच्या पिशव्या कोण तपासणार हा वेगळाच प्रश्न. ज्वलनशील विभागात काडेपेटी-लायटर न्यायला मनाई हा सुरक्षेचा नियम बहुधा आधीच असतो. तो काटेकोर पाळा, दारात लायटर ठेवायला पेटी ठेवा.

स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या शिस्तीच्या लेखी नियमांत, मनाई असलेल्या जागी धूम्रपान हे गैरवर्तन म्हणून आहे का, तेही बघून घ्या. असेल तर धोरणात त्या कलमाचा आकडा टाका. युनियनशी करार होणार असेल किंवा बोनसची बोलणी चालू असतील, तर त्या महिन्यात हा विषय काढूच नका. सगळंच एकमेकांत अडकतं आणि विडी हे देवाणघेवाणीचं नाणं होऊन बसतं.

तारीख म्हणून ३१ मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन, बऱ्याच कंपन्या घेतात. वाईट नाही. पण मेमध्ये निम्मे कामगार गावी लग्नाला असतात. नोटीस आणि अंमलबजावणी यांत सहा ते आठ आठवडे ठेवा आणि त्या काळात दर सोमवारी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत, दोन वाक्यं बोला. नोटीस वाचणारे थोडे, सुपरवायझरने सांगितलेलं ऐकणारे सगळे.

सोडणाऱ्याला मदत

इथे बहुतेक कंपन्या एक पोस्टर लावून मोकळ्या होतात. खरं तर पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा टोल-फ्री नंबर १८००-११-२३५६. तो तंबाखूच्या पुडीवर आणि सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, पण त्यावर फोन लावून बघितलेला माणूस क्वचित भेटतो. समुपदेशक बोलतात, सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतः फोन करून चौकशी करतात. या सेवेचं एक केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाचा कक्ष असतो, त्यांना पत्र दिलं तर समुपदेशक किंवा दंतवैद्य कारखान्यात येऊ शकतात. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं कार्ड असलेल्यांना ईएसआयच्या दवाखान्यात तपासणी होते. निकोटिनचा गम आणि पॅच औषधाच्या दुकानात मिळतात, पण कुणाला कितीचा द्यायचा हे कंपनीच्या डॉक्टरांनी ठरवावं, विशेषतः हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल तर.

शिबिर घ्यायचं तर तोंडाच्या तपासणीचं घ्या. फुप्फुसावरचं व्याख्यान ऐकताना लोक मोबाइल बघतात. ‘तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का बघा’ असं दंतवैद्याने सांगितलं की सगळा हॉल एकदम ते करून बघतो. ज्यांची दोनच बोटं जातात ते गप्प होतात आणि शिबिर संपल्यावर मागे थांबतात. सुपारी-मावा-खर्रा वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचा जबडा आखडत जातो. पांढरा किंवा लाल चट्टा आणि दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर थेट डॉक्टरकडे पाठवायचं.

मिश्रीसाठी वेगळं बोलावं लागतं. भाजलेली तंबाखू सकाळी दातांना लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू घेणारी समजतच नाहीत, त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. हा विषय पुरुष अधिकाऱ्याने माइकवरून काढला तर त्या लाजून तोंड फिरवतील. आशा ताई किंवा नर्स बोलवा, बायकांची वेगळी बैठक घ्या, चहा-पोह्यांसोबत. ‘मावशी, दिवसातनं किती वेळा लावता? आणि न लावता काम सुचतं का?’ इथून सुरुवात होते.

सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, लक्ष लागत नाही, पोट साफ नाही. हे दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातं, पण सुपरवायझरला ते माहीत हवं. प्रेसवर किंवा फोर्कलिफ्टवर काम करणाऱ्याला सोडण्याची तारीख साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी धरायला सांगा. तल्लफ काही मिनिटंच टिकते. तेवढ्या वेळात पाणी प्यायला, तोंडात बडीशेप टाकायला जाऊ देणारा सुपरवायझर पोस्टरपेक्षा जास्त कामाचा. पुन्हा सुरू केली म्हणून कुणाची टर उडवू देऊ नका. बहुतेक जण एकापेक्षा जास्त वेळा सोडूनच कायमची सोडतात.

थुंकण्याचं काय करायचं

१९४८ च्या कारखाना अधिनियमात २० वं कलमच पिकदाण्यांचं होतं. पुरेशा पिकदाण्या ठेवा, त्या साफ ठेवा, बाहेर थुंकेल त्याला पाच रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडा आज हसण्यावारी जाईल, पण आधी सोय आणि मग शिक्षा हा क्रम त्यात बरोबर होता. हात धुण्याच्या जागेजवळ झाकणाच्या, पायाने उघडणाऱ्या पिकदाण्या ठेवा, रोज कुणी साफ करायच्या ते ठरवा, त्याला हातमोजे द्या. हे न करता नुसता नियम केला तर पिचकारी जिन्यातून ड्रेनेजच्या जाळीत जाते, एवढंच.

कोपऱ्यांत देवांच्या फरशा लावायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. मला तो पटत नाही. जिथे फरशी नाही तो पुढचा कोपरा रंगतो, आणि वेगवेगळ्या धर्मांची माणसं काम करतात तिथे कुणाचा देव कुठे लावला यावरून वाद. त्यापेक्षा कोपऱ्याला पांढरा ऑइल पेंट, त्यावर एक दिवा आणि रोज सकाळी पुसणं. स्वच्छ आणि उजेडात असलेल्या जागी थुंकायला माणूस कचरतो.

कुणी मोडलं तर

पहिल्या महिन्यात शिक्षा नाही, फक्त बोलणं. तेही चारचौघांत नको. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला नव्या ट्रेनी पोरांसमोर टोकलं तर तो हट्टाने ओढेल.

‘काका, इथं नको. थिनर आहे आत.’

‘अरे, इतकी वर्षं ओढतोय, काय झालं का?’

‘झालं नाही हेच नशीब. चला, मीपण येतो बाहेर.’

एवढंच. उपदेश नाही, कर्करोगाचा उल्लेख नाही. आणि सिक्युरिटीवाल्याला कंपनीच्या डायरेक्टरला अडवायचं वाक्य आधी पाठ करून द्या: ‘साहेब, आत ओढायला परवानगी नाही, बाहेर मोकळ्यात घ्या.’ ते वाक्य बोलल्याबद्दल त्याला कुणी ओरडणार नाही, हे एमडींनी हवालदाराला स्वतः सांगितलेलं असावं. नाहीतर तो फक्त हमालांना अडवेल.

दुसऱ्यांदा लेखी समज, मग स्थायी आदेशांप्रमाणे. ज्वलनशील विभागात ओढलं असेल तर पहिल्याच वेळी सुरक्षेचा भंग म्हणून कारवाई, तिथे सवलत नाही. २००८ च्या नियमांसोबतच्या परिशिष्टात खासगी कार्यालयाचा प्रमुख, एचआर मॅनेजर किंवा प्रशासनप्रमुख यांना आपल्या आवारापुरता २०० रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिलेला आहे. ती रक्कम शासनाची, पावती देऊनच घ्यायची. पावतीपुस्तकाची चौकशी जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाकडे करा. पण पहिल्या महिन्यात ते पुस्तक कपाटातच बरं.

‘पाचशे रुपये पगारातून कापा’ असा हुकूम मात्र वरून आला तरी थांबा. पगारातून दंड कापायला वेतनाच्या कायद्याच्या अटी आहेत: कशाबद्दल दंड होऊ शकतो हे मंजुरी घेऊन आधी जाहीर केलेलं हवं, कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, एका वेतनकाळातला एकूण दंड वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको, रजिस्टरला नोंद हवी आणि पैसा कामगारांच्याच कामी यायला हवा. हे न करता कापलेले पाचशे रुपये लेबर ऑफिसात फार महाग पडतात.

ठेकेदाराची माणसं आणि बाहेरचे ट्रकवाले हा वेगळा गट. ते आज आहेत, उद्या नाहीत. त्यांना गेट पासच्या मागच्या बाजूला नियम छापून द्या आणि गेटवरच्या माणसाने तो तोंडी सांगावा. ट्रकवाला चार-चार तास अनलोडिंगची वाट बघत केबिनमध्ये बसून ओढतो. त्याला बसायला सावली आणि पाणी दिलं तर तो ऐकतो.

तीन महिन्यांनी तोच नकाशा घेऊन, त्याच मावशींबरोबर पुन्हा फिरा. लाल खुणा कमी होऊन तपकिरी वाढल्या असतील तर पिकदाण्या आणि शिबिराकडे वळा. लाल खुणा नुसत्या जागा बदलून संडासात गेल्या असतील तर ब्रेकची वेळ कुणीतरी खातंय, बहुधा उत्पादनाच्या घाईत सुपरवायझरच. आणि खरेदी विभागाला आत्ताच एक मेल टाका, की पुढच्या वर्क ऑर्डरपासून प्रत्येक ठेकेदाराच्या अटींत हे एक पान जोडायचं. मार्चअखेरच्या गर्दीत ते कुणाच्याही लक्षात राहत नाही.